कोणता उंदीर, किती वॅट?

त्रिमूर्तीनगरातील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर बसवण्याचा विषय निघाला आणि ग्रुपवर ‘लहरींनी उंदरांना कॅन्सर होतो, अमेरिकेत सिद्ध झाले’ असा मजकूर फिरू लागला. टॉवरला विरोध करण्याचा सभासदांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. मात्र ज्या प्रयोगाचा हवाला दिला जातो तो अर्धाच सांगितला जातो, ही माझी तक्रार आहे.

हा प्रयोग अमेरिकी सरकारच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा. त्याचे अंतिम अहवाल 2018 मध्ये आले. रॅट जातीच्या मोठ्या उंदरांवर, ते आईच्या पोटात असल्यापासून पुढे दोन वर्षे, 900 मेगाहर्ट्झच्या दोन प्रकारच्या मोबाइल लहरी वेगवेगळ्या गटांवर सोडल्या गेल्या. दहा मिनिटे चालू, दहा मिनिटे बंद, असे करत दिवसाला एकूण सुमारे नऊ तास. मात्रा होती शरीराच्या दर किलोमागे 1.5, 3 आणि 6 वॅट. 6 वॅटच्या दोन गटांत (प्रत्येक प्रकारच्या लहरींचा एक) प्रत्येकी 90 नरांपैकी अनुक्रमे 5 आणि 6 नरांच्या हृदयात श्वानोमा ही घातक गाठ आढळली. लहरी न दिलेल्या गटातील एकाही नरात ती नव्हती. अहवालाने याला ‘स्पष्ट पुरावा’ म्हटले आहे आणि तो झटकून टाकावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु माद्यांमध्ये आणि माऊस जातीच्या लहान उंदरांमध्ये असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. शिवाय लहरी दिलेले नर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले! हे वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच नसते.

आता मात्रेकडे पाहू. सामान्य माणसाच्या संपूर्ण शरीरासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा दर किलोमागे 0.08 वॅट आहे, म्हणजे वरच्या गटातील उंदरांना तिच्या 75 पट ऊर्जा मिळत होती. ही मर्यादाही प्राण्यांवरूनच आली. खाण्यासाठी कळ दाबायला शिकवलेले उंदीर आणि माकडे, शरीराचे तापमान साधारण एक अंशाने वाढले की काम सोडून देत. हे सुमारे 4 वॅटला घडत असे. सुरक्षेसाठी त्या आकड्याला 50 ने भागले गेले. खोली आधीच तापलेली असेल तर प्राणी त्याहून कमी मात्रेलाच थांबतात, त्यामुळे नवतप्यात कूलरसमोरही घाम पुसणाऱ्या नागपूरकराला ही भागाकाराची सोय फाजील वाटू नये.

‘सरकारी मर्यादेत आहे, मग चर्चा कशाला’ असे म्हणणारेही मला पटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरींना ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले, ते काही उगाच नाही. आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली, 900 मेगाहर्ट्झसाठी दर चौरस मीटरला 0.45 वॅट; हे माप शरीरात मुरणाऱ्या ऊर्जेचे नव्हे, तर बाहेरून येणाऱ्या लहरींचे. (कानाला फोन लावून तासभर बोलणाऱ्याच्या डोक्यात मात्र सहसा टॉवरपेक्षा त्या फोनचीच ऊर्जा जास्त मुरते.)

म्हणून आमसभेत उंदरांवर रात्र घालवण्याऐवजी माझी मागणी सरळ आहे: टॉवर उभा राहिलाच, तर वरच्या मजल्यावरील प्रत्येक घरात आणि गच्चीवर लहरींची प्रत्यक्ष मोजणी व्हावी, आकडे सूचनाफलकावर लागावेत, आणि दरवर्षीच्या फेरमोजणीचा खर्च कंपनी उचलेल हे कलम भाडेकरारातच लिहून घ्यावे.