ईस्टरचं मूळ उकरून काढायचा सोपा मार्ग

ईस्टरच्या रविवारी पहाटेची उपासना आटोपून शेजारचे मास्तर केक घेऊन दाराशी आले, की लगेच हात पुढे करू नका. आधी ठणकावून सांगा, ‘मास्तर, हा सण मुळात बाबिलोनच्या इश्तार देवीचा!’ जालन्यात सकाळी आठलाच ऊन चटकायला लागतं, म्हणून त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं ठेवा. ज्ञान झटपट उतरतं.

पुरावा? इश्तार, ईस्टर. झालं की! याच न्यायाने लातूर लॅटिन लोकांनी वसवलं, हेही एकदा सांगून टाका. ही जोडी 1850 च्या दशकात अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने गाजवली, तीही कॅथलिकांना मूर्तिपूजक ठरवायला, हे मात्र गिळून टाका. ग्रीक, लॅटिन, फ्रेंचमध्ये या सणाचं नाव यहुद्यांच्या पेसाख सणावरून आलंय, हेही.

मास्तर वाचणारे निघाले तर इश्तार सोडा आणि एओस्त्रे धरा. 725 च्या सुमारास बीड नावाच्या इंग्रज साधूने (आपल्या बीडशी संबंध नाही, पण तुम्ही जोडालच) या देवीचा उल्लेख केलाय. जेमतेम एक-दोन ओळी. त्यात ना ससा, ना अंडं. अंडी आणणाऱ्या सशाबद्दल एका जर्मन डॉक्टराने लिहिलं 1682 मध्ये. मधली साडेनऊशे वर्षं ससा कुठं दडून बसला होता, असं कुणी विचारलंच तर ‘परंपरा हो, परंपरा!’ म्हणा. 1958 मध्ये जर्मनीत मोर्केन-हार्फ इथं एओस्त्रेशी मिळतंजुळतं नाव असलेल्या मातृदेवतांचे दीडशेवर शिलालेख सापडले. ते खरं तर तुमच्याच बाजूला थोडेफार झुकतात. पण त्यासाठी वाचावं लागेल, सोडा.

अंड्यांचं कोडं तर फारच बेचव. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पूर्वी अंडी वर्ज्य असायची. कोंबडीला काय त्याचं? आपल्याकडे श्रावणात ती अंडी द्यायची थांबते का? मग उपवास सुटला की साठलेल्या अंड्यांवर ताव. 1290 साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या खर्चवहीत ईस्टरसाठी 450 अंडी लागल्याची नोंद आहे. इतकं सरळ कारण सांगितलं तर तुम्हाला विद्वान कोण म्हणणार? देवी पाहिजे, शक्यतो जिचं नाव धड उच्चारता येत नाही अशी.

एक जपा. येळवशीला, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या आपल्या अमावास्येला, मास्तरांना शेतात जेवायला बोलावू नका. कडब्याची कोप, चुना फासलेले पाच दगडी पांडव, आंबील शिंपडत शेताभोवती घातलेली फेरी बघून ते सहज विचारतील, ‘अण्णा, हे कोणत्या पोथीतलं?’ आलेच, तर त्यांच्या ताटात भज्जी वाढा आणि बाजरीचे उंडे संपेपर्यंत त्यांचं तोंड रिकामं राहू देऊ नका.