डबा सीलबंद आहे ना, मग कसली तपासणी?

सध्या एक संदेश फिरतो आहे. औषध कारखान्यातच तपासून सीलबंद होतं, डॉक्टर विचार करूनच लिहितात. मग औषध दुकानातले प्रश्न, फ्रीजच्या नोंदी, एक्स्पायरीचा बाऊ हा सगळा वेळकाढूपणा आहे. फार्मासिस्टने चिठ्ठी वाचावी आणि डबा काढून द्यावा. मी काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस, तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

"डॉक्टरांनी लिहिलंय, तुम्ही कोण विचारणारे?" सगळ्यात धोक्याचं हेच, म्हणून आधी हे. मेथोट्रेक्सेटचं उदाहरण घ्या. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. घाईत 'रोज' लिहिलं गेलं किंवा पेशंटनेच तसं समजून घेतलं, तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी झपाट्याने कमी होतात. यात माणसं दगावलेली आहेत. म्हणून 'आठवड्यातून एकदा' एवढं सांगून मी थांबत नाही, कुठल्या वारी घेणार ते विचारतो. पेशंटच्या तोंडून वार आला की तोच पाकिटावर लिहितो.

आता हाच पेशंट लघवीच्या जळजळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो आणि को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकची चिठ्ठी आणतो. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर. पण दोन्ही औषधं शरीरातल्या फोलेट या 'ब' जीवनसत्त्वाच्या कामात आडवी येतात, आणि एकत्र घेतली तर घाला थेट रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेवर. पहिल्या डॉक्टरांनी दुसरी चिठ्ठी पाहिलेलीच नसते. त्या दोन्ही समोरासमोर येतात त्या बहुतेक वेळा काउंटरवर, तेही मी "आणखी काय काय चालू आहे?" असं विचारलं तरच.

"सीलबंद म्हणजे चांगलंच." डबा कुणी उघडला नाही, एवढंच सील सांगतं. तो कुठे, कसा ठेवला होता ते सांगत नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं. लोकांना वाटतं, जितकं गार तितकं बरं. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेली कुपी रात्री गोठते, सकाळी वितळते. हातात घेऊन बघाल तर सील शाबूत, आणि दिसायलाही कधीकधी जशीच्या तशी. तरी ती टाकूनच द्यायची, कारण तिच्या गुणाचा आता भरवसा नाही. म्हणून थर्मामीटर कमाल आणि किमान दोन्ही दाखवणारा लागतो. आत्ता ५ दिसत असलं तरी रात्री पारा शून्याखाली गेला होता का, हे तोच सांगतो.

शिवाय सील बनावट मालालाही लावता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं. खरेदीच्या बिलाशी बॅच नंबर ताडून बघतात तो यासाठी.

"नोंदवह्या म्हणजे देखावा." इथे मी अर्धा सहमत आहे. महिनाभर सकाळ-संध्याकाळ '४', एकाच पेनाने, उघड उघड एका बैठकीत भरलेली वही मी पाहिली आहे. कुठलाच फ्रीज इतका शहाणा नसतो. पण खोटी नोंद सापडली तर खरी ठेवायला लावायची. नोंदच बंद करा, हे कुठलं तर्कशास्त्र?

"एक्स्पायरी ही कंपन्यांची युक्ती." अमेरिकी लष्कराच्या साठ्यांची १९८६ पासून तपासणी होत आली, आणि बरीच औषधं तारखेनंतरही वर्षानुवर्षं चांगली निघाली, हे खरं आहे. पण ती मूळ वेष्टनात, जपून ठेवलेली होती. डोळ्यांचे थेंब एकदा उघडले की बहुतेक चारच आठवडे वापरायचे, डब्यावरची तारीख कितीही लांबची असो. पाणी घालून बनवलेलं अँटिबायोटिक सिरप तर आठवडा, फार तर दोन. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी काचेच्या बाटलीतून प्लास्टिकच्या डबीत काढली, तर तिची ताकद हळूहळू उडून जाते. ते कळतं कधी, तर कळ आल्यावर.

राहिला वेळ. हायड्रालाझिन रक्तदाबाचं, हायड्रॉक्सिझिन खाजेचं. नावं जुळ्यांसारखी आणि अक्षरानुक्रमे लावली तर कपाटात शेजारी शेजारी. म्हणून एकाने काढायचं, दुसऱ्याने चिठ्ठीशी ताडायचं. एकटाच असलो की मी औषध काढून बाजूला ठेवतो, मध्ये दुसरं काहीतरी करतो आणि मग चिठ्ठी पहिल्यांदाच बघतोय अशी पुन्हा वाचतो. नेमकं तेव्हाच पलीकडून येतं, "अहो, झालं का?"