‘रेज’मध्ये राजकारण नंतर घुसलं? मुळीच नाही

‘रेज अगेन्स्ट द मशीन हा आधी निव्वळ रॉक बँड होता. राजकारण नंतर घुसलं, तेही एकाच पक्षाच्या सोयीचं. क्रांती सोनीच्या पैशावर आणि गिटारचे चमत्कार संगणकाचे.’ गोव्यातल्या गिटारवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तियात्राच्या, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकाच्या, कांतारांत (गाण्यांत) मंत्र्यांची सालटी निघतात त्या मुलखात याला माना डोलावल्या जातात, याचं नवल वाटतं.

आधी ‘नंतर’चं बघू. बँड १९९१ मध्ये लॉस एंजेलिसात उभा राहिला, पहिला अल्बम नोव्हेंबर १९९२ चा. त्याच्या मुखपृष्ठावर जून १९६३ मध्ये सायगावच्या रस्त्यात स्वतःला पेटवून घेतलेले बौद्ध भिक्षू थिक क्वांग डुक आहेत. फोटो माल्कम ब्राउन यांचा. ‘किलिंग इन द नेम’ हे पोलिसांतल्या वर्णद्वेषावरचं गाणं याच अल्बमात आहे. याच्याही आधीचं काय दाखवणार?

एकाच पक्षाचं म्हणाल, तर १४ ऑगस्ट २००० रोजी, डेमोक्रॅट क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर यांनी फुकट कार्यक्रम केला. त्या रात्री पोलिसांनी गर्दीवर रबरी गोळ्या झाडल्या. २००८ मध्ये दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांच्या वेळी हे हजर होते, एकदा डेन्व्हरला, एकदा मिनियापोलिसला.

सोनीचं मात्र खरं आहे. यांचे अल्बम काढणारी एपिक ही सोनीचीच कंपनी, आणि ही विसंगती चाहत्यांनी उगाच झाकू नये. पण त्यावरून गाणी खोटी ठरत नाहीत.

आता गिटार. सॅम्पल (दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून उचललेले तुकडे), कीबोर्ड, सिंथेसायझर काहीही वापरलेलं नाही, असं पहिल्या अल्बमवरच छापलंय. बँडचा गिटारवादक टॉम मोरेलोचा तो तुटक, डीजेसारखा आवाज घरी काढून बघा. दोन पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबक) आणि दोघांना वेगळा व्हॉल्यूम असलेली इलेक्ट्रिक गिटार घ्या, गिब्सनच्या लेस पॉलच्या घाटाची. नेक पिकअपचा (मानेकडच्या) व्हॉल्यूम शून्य, ब्रिजचा (तारा टेकतात त्या घोडीकडच्या) पूर्ण. अँपचा गेन (सूर किती फाटेल ते ठरवणारं बटण) इतका ठेवा की सूर तीन-चार सेकंद टिकेल. सूर धरून पिकअप निवडायचा टॉगल स्विच तालात इकडून तिकडे मारा: एका टोकाला आवाज, दुसऱ्या टोकाला शांतता. साध्या स्ट्रॅटवर (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर) हे होत नाही, कारण तिथे तिन्ही पिकअपना मिळून एकच व्हॉल्यूम असतो. स्विच फिरवल्यावर फक्त आवाजाचा पोत बदलतो. न वाजवायच्या तारा डाव्या हाताच्या स्पर्शाने गप्प केल्या नाहीत, तर प्रत्येक झटक्यात गुणगुण घुसते. शिवाय आपल्या पावसाळ्यात टॉगलचे पत्रे काळे पडतात आणि शांततेच्या जागी खरखर येते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच वीसेक वेळा हलवला की बहुधा भागतं. शिट्टीसारखे चढणारे सूर व्हॅमी या सूर वर-खाली करणाऱ्या पेडलचे. तो पायाने चालतो, संगणकाने नाही.