आर्ची बदलते ती मधल्या सीन्समध्ये

पटकथालेखनावरच्या तुमच्या लेखमालेतल्या या लेखात म्हटलंय की पात्र बदलायला एक मोठा धक्का लागतो आणि तो पटकथेच्या मध्यावर यायला हवा. मला हे अर्धंच पटतं. धक्क्याने पात्र घराबाहेर पडतं, पण खरं बदलतं ते त्यानंतरच्या बारीकसारीक सीन्समध्ये आणि नेमकं तिथेच आपले बरेच लेखक एक गाणं टाकून मोकळे होतात, याचं फार वाईट वाटतं.

२०१६ च्या सैराट सिनेमातली आर्चीच घ्या ना. गावात बुलेट नि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची पोर, कुणाचं ऐकून घेणार नाही अशी, आणि प्रियकर परश्यासोबत पळून हैदराबादला झोपडपट्टीतल्या खोलीत आल्यावर तिला काहीच सहन होत नाही, घरच्या आठवणीने रडते, मग कारखान्यात कामाला लागते, हळूहळू तेलुगू बोलायला लागते. कुणीही तोंडाने म्हणत नाही की बघा पोरगी किती बदलली!!

मधे तर ती परश्याला सोडून निघतेसुद्धा आणि परत फिरते. हा सीन मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण गाव सोडलं तेव्हा मागे माणसं लागली होती, इथे मात्र परत यायचं तिचं तिने ठरवलंय, वाट्याला काय येणारे ते पुरतं माहीत असून. तिचा हट्टीपणा पण तसाच राहतो, फक्त आता तो संसार उभा करायच्या कामी येतो.

पुढच्या भागात प्लीज या मधल्या सीन्सवर सविस्तर लिहा, नवीन लिहिणारे तिथेच अडकतात.