पिक्स उधळून सुपर बोल? रॅम्सची गोष्ट नीट वाचा

एप्रिलमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तो इतक्या वेळा येऊन गेलाय की मला पाठ झालाय. थोडक्यात तो असा: ‘ड्राफ्ट पिक म्हणजे लॉटरीचं तिकीट. लॉस एंजेलिस रॅम्सनी सगळे पिक्स उधळले, तयार खेळाडू आणले आणि सुपर बोल जिंकला. तयार खेळाडूची खात्री असते, कॉलेजच्या पोराची नसते. आणि पगाराचं काय घेऊन बसलात? सॅलरी कॅप नावालाच आहे, हिशेब पुढे ढकलला की झालं.’

प्रत्येक वाक्यात चिमूटभर तथ्य आहे, म्हणून ते पटतं. पण निघणारा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. शिवाय कॉलेजच्या मैदानांवर थंडीवाऱ्यात उभं राहून वर्षानुवर्षं पोरं हेरणारे जे स्काउट आहेत, त्यांचं सगळं काम या एका मजकुरात मोडीत निघतं. मला त्याचा राग येतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना, आणि सॅलरी कॅप म्हणजे संघाने वर्षाला पगारांवर किती खर्च करायचा याची मर्यादा. आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. कॉलेजमधून येणाऱ्या मुलांना संघ ओळीने निवडतात, अशा सात फेऱ्या होतात आणि गेल्या मोसमात ज्याची सगळ्यात वाईट गत झाली त्याचा नंबर पहिला. त्या नंबरावरचा हक्क म्हणजे पिक. हा हक्क दुसऱ्या संघाला देऊन त्या बदल्यात खेळाडू घेता येतो, अगदी पुढच्या दोन-तीन वर्षांचे हक्कसुद्धा आजच देऊन टाकता येतात.

आता रॅम्स. त्यांचे जनरल मॅनेजर लेस स्नीड. २०२२ च्या फेब्रुवारीत विजयाच्या मिरवणुकीत ते जो टी-शर्ट घालून आले, त्यावर ‘खड्ड्यात गेले ते पिक्स’ अशा अर्थाचं शिवी घातलेलं वाक्य होतं. तो फोटो जगभर गेला आणि मजकुराला पुरावा मिळाला. २०१६ मध्ये जॅरेड गॉफला पहिल्या नंबरावर घेतल्यानंतर थेट २०२४ पर्यंत रॅम्सनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही, हे खरंच आहे. जेलन रॅम्झीसाठी २०१९ मध्ये पहिल्या फेरीचे दोन पिक्स गेले. डेट्रॉइटच्या मॅथ्यू स्टॅफर्डसाठी २०२१ मध्ये आणखी दोन, शिवाय तिसऱ्या फेरीचा एक आणि वर खुद्द गॉफ. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हॉन मिलरसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचा एकेक.

पण ‘सगळे पिक्स’? पहिली फेरी सोडली तर रॅम्स दरवर्षी भरपूर पोरं निवडत होते. २०२३ च्या एकाच ड्राफ्टमध्ये त्यांनी १४ खेळाडू निवडले. आणि ज्या सामन्याचा दाखला दिला जातो, त्याची शेवटची दोन मिनिटं पुन्हा बघा. १३ फेब्रुवारी २०२२, समोर सिनसिनाटी बेंगल्स. एक मिनिट पंचवीस सेकंद उरलेले असताना विजयी टचडाउन (समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेऊन मिळणारे गुण) झेलला कूपर कपने. कप कोण? २०१७ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत, ६९ व्या नंबरावर रॅम्सनी घेतलेला मुलगा. सामनावीरही तोच. मग बेंगल्सच्या चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नावर, त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) जो बरो याला धरून गरगर फिरवणारा आणि सामना तिथेच संपवणारा ॲरन डोनाल्ड. तो २०१४ चा, १३ व्या नंबरावरचा. क्वार्टरबॅक स्टॅफर्डच्या त्या थ्रोशिवाय विजय नव्हता, हे कोणीच नाकारणार नाही. पण तो झेलणारे हात आणि शेवटी वाट अडवणारे हात, दोन्ही घरच्या ड्राफ्टमधले होते. बाहेरून आणलेले तारे मखरात बसले, मखर मात्र स्काउटांनी उभारलं होतं.

पुढच्याच मोसमात हा संघ ५ विजय आणि १२ पराभवांवर आला. २०२३ च्या मार्चमध्ये रॅम्झीला मायामीला पाठवलं, तेव्हा हाती आला तिसऱ्या फेरीचा एक पिक आणि एक राखीव खेळाडू. घेताना पहिल्या फेरीचे दोन दिले होते. मिलर तर विजेतेपदानंतर महिन्याभरात करार संपवून बफेलोला गेला. रॅम्स पुन्हा उभे राहिले ते २०२३ च्या त्या १४ पोरांमुळे. आणि स्नीड? २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःचा २६ वा नंबर अटलांटाला दिला आणि त्यातून अटलांटाचा २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक मिळवला. टी-शर्टवर काही लिहिलेलं असो, माणूस पिक्स गोळा करतोय.

दुसरा मुद्दा लॉटरीचा. निवडलेलं पोर चालेलच याची खात्री नसते, अगदी मान्य. याचं सगळ्यात बोलकं उदाहरणही रॅम्सचंच आहे. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनला घेण्यासाठी रॅम्सकडून दुसरा नंबर घेतला आणि पहिल्या फेरीचे तीन व दुसऱ्या फेरीचा एक असे पिक्स दिले. २०१४ च्या डिसेंबरमध्ये हे दोन संघ समोरासमोर आले, तेव्हा नाणेफेकीला रॅम्सचे सहा कर्णधार मैदानात गेले. सहाही जण त्या एका ट्रेडमधून मिळालेले. सामना २४-० ने जिंकला. मला ते दृश्य फार आवडतं. पण त्या सहांमध्ये ग्रेग रॉबिन्सन होता. त्याच वर्षी दुसऱ्या नंबरावर घेतलेला हा मुलगा पुढे चालला नाही. आणि ड्राफ्टच्या त्याच रात्री, ११ नंबर खाली, रॅम्सच्या स्वतःच्या पिकवर डोनाल्ड आला होता! दुसऱ्या नंबरावर चूक, तेराव्यावर या पिढीतला सर्वोत्तम बचावपटू. यातून पिक फेकून द्यावा असं निघत नाही, हाताशी जास्त पिक्स असावेत असं निघतं.

मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली गोष्ट म्हणजे तिकिटाची किंमत. २०१० मध्ये पहिल्या नंबरावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता, त्यातले ५ कोटी खात्रीचे. तेव्हा खरंच लॉटरी महाग होती. २०११ मध्ये खेळाडू संघटना आणि मालकांच्या नव्या करारात नवोदितांच्या पगाराची शिडी ठरली आणि त्या वर्षी पहिल्या नंबरावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. एका वर्षात किंमत इतकी पडली. तेव्हापासून ड्राफ्टमधलं पोर चार वर्षं ठरलेल्या कमी पगारावर खेळतं, पहिल्या फेरीतलं असेल तर संघाला पाचवं वर्षही राखता येतं. पिकची खरी किंमत इथे आहे.

ब्रॉक पर्डी बघा. २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा. सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. २०२४ मध्ये त्याचा पगार ९ लाख ८५ हजार डॉलर. त्याच सुमारास डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटचा नवा करार झाला, वर्षाला सरासरी ६ कोटी. दोघेही क्वार्टरबॅक. मधल्या साडेपाच-सहा कोटींत बचावाची निम्मी फळी उभी राहते. (पर्डीलाही २०२५ मध्ये २६ कोटी ५० लाखांचा करार मिळालाच. पोराने कमावलं, चांगलंच झालं. पण त्याआधीची तीन वर्षं संघाच्या पदरात पडली.)

केड मॅसी आणि नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी या बाजाराचा बारकाईने अभ्यास केला आहे. मजकूरवाल्यांना आवडेल असं त्यात आहे: अगदी वरच्या नंबरांना संघ लायकीपेक्षा जास्त भाव देतात. पण पुढचंही वाचायला हवं. पगार वजा केला तर उलट पहिल्या फेरीच्या शेवटी आणि दुसऱ्या फेरीत मिळणारी मुलं सगळ्यात फायद्याची ठरतात. आणि आजचा पिक मिळवण्यासाठी पुढच्या वर्षीचा देणारे संघ जणू वर्षाला १३६ टक्के व्याजाने कर्ज काढतात. सावकारसुद्धा लाजेल असा हा दर. भविष्यातले पिक्स उधळणं म्हणजे हेच कर्ज.

तिसरा दावा: तयार खेळाडूची खात्री असते. २०२२ च्या मार्चमध्ये दोन संघांनी अशी खात्री विकत घेतली.

डेन्व्हरने रसेल विल्सनसाठी सिएटलला पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन, पाचव्या फेरीचा एक आणि वर तीन खेळाडू दिले. क्लीव्हलंडने डेशॉन वॉटसनसाठी ह्यूस्टनला पहिल्या फेरीचे तीन आणि आणखी तीन पिक्स दिले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण मजकुरात ती कुठेच येत नाही: तयार खेळाडूचे पैसे दोनदा मोजावे लागतात. एकदा जुन्या संघाला पिक्समध्ये आणि दुसऱ्यांदा खुद्द खेळाडूला नव्या करारात, कारण आपल्यासाठी एवढं दिलंय म्हणजे हे आता आपल्याला सोडूच शकत नाहीत, हे त्याच्या एजंटला पक्कं ठाऊक असतं. वॉटसनला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर मिळाले, शेवटच्या डॉलरपर्यंत खात्रीचे. लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांवरून त्याच्यावर ११ सामन्यांची बंदी आली, मग दुखापती. पहिल्या तीन मोसमांत तो मिळून १९ सामने खेळला. ह्यूस्टनने त्या पिक्सपैकी एक वापरून २०२३ मध्ये तिसऱ्या नंबरापर्यंत उडी मारली आणि विल अँडरसन घेतला, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. २०२४ च्या जानेवारीत प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने क्लीव्हलंडला ४५-१४ असं धुतलं.

विल्सनला डेन्व्हरकडून एकही सामना खेळण्याआधी सुमारे २४ कोटींची मुदतवाढ मिळाली. पहिल्या मोसमात संघ ५-१२. त्या पराभवांमुळे पुढच्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हरचा नंबर पाचवा लागला, पण तो आता सिएटलचा होता. तिथे सिएटलने डेव्हन विदरस्पून घेतला. म्हणजे तुम्ही जितके हराल तितकं तुमचं दिलेलं दान मोठं होत जातं. पिक देताना तो कितवा असेल हे कोणालाच माहीत नसतं, देणाऱ्याला तर मुळीच नाही.

आणि हा विल्सनच चौथ्या दाव्याचं उत्तर आहे. सॅलरी कॅप नावालाच असते, असं म्हणतात. ही युक्ती अशी चालते: साइनिंग बोनस खेळाडूला आज मिळतो, पण हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून दाखवता येतो. समजा बोनस ५ कोटींचा, करार पाच वर्षांचा. दरवर्षी कॅपवर १ कोटी. यंदाचं ओझं हलकं दिसतं, म्हणून सगळे खूश. दोन वर्षांनी खेळाडूला काढलं तर न दाखवलेले ३ कोटी अंगावर येतात. याला डेड मनी म्हणतात: मैदानात नसलेल्या माणसाच्या नावाने कॅपमध्ये अडकलेले पैसे. २०२४ च्या मार्चमध्ये डेन्व्हरने विल्सनला सोडलं, तेव्हा हा आकडा ८ कोटी ५० लाख निघाला. दोन वर्षांत विभागला तरी पहिल्या वर्षी ५ कोटी ३० लाख. त्या वर्षीची कॅप २५ कोटी ५४ लाख होती. म्हणजे रुपयातले वीस पैसे अशा खेळाडूवर, जो पिट्सबर्गकडून खेळत होता. कॅप वाकते हे खरं, पण वाकवलेलं कोणीतरी, कधीतरी भरतंच. आणि भरताना जवळ स्वस्तातली पोरं लागतात, जी पिक्सशिवाय येत नाहीत.

स्टॅफर्डचा ट्रेड चुकला असं मी म्हणत नाही. उरलेला संघ तयार होता, फक्त क्वार्टरबॅक हवा होता, आणि करंडक कायमचा कपाटात आला. अशा वेळी पिक्स द्यावेत. पण त्या ट्रेडची दुसरी बाजूही बघा. डेट्रॉइटचे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स हे आधी रॅम्सचेच कॉलेज स्काउटिंगचे प्रमुख होते. नव्या खुर्चीत बसून महिनाही झाला नव्हता, तोवर त्यांनी जुन्या संघाकडून गॉफ आणि ते पिक्स मागून घेतले. २०२३ मध्ये रॅम्सचा पिक सहावा ठरला. होम्सनी तो ॲरिझोनाला देऊन १२ वा आणि ३४ वा नंबर मिळवला. बाराव्यावर जमिर गिब्स, चौतिसाव्यावर सॅम लापोर्टा.

१४ जानेवारी २०२४ च्या रात्री मी मिशिगनमध्ये मेहुण्याकडे होतो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, टीव्हीवर डेट्रॉइटचं मैदान फोर्ड फील्ड. स्टॅफर्ड रॅम्स घेऊन डेट्रॉइटला परतला होता, समोर गॉफ. दहा वर्षांचा भाचा लापोर्टाचा ८७ नंबरचा शर्ट घालून जमिनीवर बसलेला. गिब्सने टचडाउन केला, लापोर्टाने केला, आणि भाच्याने दोन्ही वेळा सोफ्यावरून उड्या मारल्या. डेट्रॉइट २४-२३ ने जिंकलं, ३२ वर्षांत पहिल्यांदाच प्लेऑफचा सामना. रॅम्सना शेवटपर्यंत झुंजत ठेवलं ते पुका नाकुआने, ९ झेल आणि १८१ यार्ड, प्लेऑफमध्ये कुठल्याही नवोदिताचे सर्वाधिक. त्याच १४ पोरांपैकी एक, पाचव्या फेरीतला, १७७ वा.