चौतीस इंच, शून्य सॅक आणि बाकीचे सोपे नियम

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडण्याचा कार्यक्रम, जवळ आला की ऑफेन्सिव्ह लाइनबद्दल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीबद्दल, एक यादी हमखास फिरू लागते. शब्द थोडे बदलतात, आशय तोच. टॅकलचा, म्हणजे फळीच्या टोकाला उभं राहणाऱ्याचा, हात ३४ इंचांहून आखूड असेल तर त्याला गार्ड, म्हणजे त्याच्या आतल्या बाजूचा खेळाडू, समजा. कॉलेजात ज्याने एकही सॅक दिली नाही, म्हणजे चेंडू फेकण्याआधी क्वार्टरबॅकला एकदाही पाडू दिलं नाही, तो खात्रीचा. बेंच प्रेस आणि ४० यार्डांची धाव पाहिली की ताकद आणि चपळाई कळली. आणि टॅकल म्हणून नाही जमला तरी गार्ड म्हणून चालतोच, तेव्हा निवड काही वाया जात नाही. चारही विधानांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती मरत नाहीत. नियम म्हणून मात्र एकही टिकत नाही.

आधी हात. कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला होणाऱ्या खेळाडूंच्या चाचण्यांत, तो खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. टेप कुठे धरली, खांदा किती सैल सोडला, यावर पाव-अर्धा इंच सहज सरकतो. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या (एलएसयू) विल कॅम्पबेलचा हात २०२५ साली इंडियानापोलिसला ३२ ५/८ इंच भरला आणि कॉलेजच्या प्रो डेला, म्हणजे कॉलेजने स्वतः भरवलेल्या चाचणीत, ३३. मधल्या काळात हात वाढला नव्हता. पॅट्रियट्स संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि लेफ्ट टॅकललाच उभं केलं.

लांब हाताचा फायदा नेमका काय, हे या यादीत कधीच नसतं. बाहेरून येणारा पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावाचा खेळाडू, एक हात ताणून टॅकलच्या छातीवर रोवतो. एकच हात पुढे टाकला की खांदाही वळतो, त्यामुळे तो दोन हातांच्या धक्क्यापेक्षा लांब पोचतो. म्हणजे ३५ इंचांचा टॅकल दोन्ही हात एकदम फेकत असेल, तर त्याच्याहून आखूड हाताचा रशरही त्याला आधी गाठू शकतो. लांब हात खरा कामी येतो तो चूक झाल्यावर. मागे सरकण्याचं पहिलं पाऊल अर्धं कमी पडलं, तरी लांब हाताचा माणूस रशरच्या खांद्याला धरून त्याला क्वार्टरबॅकच्या मागून वळसा घालायला लावतो. आखूड हाताच्या माणसाला ही सवलत नाही.

म्हणून टेपवर, म्हणजे सामन्यांच्या चित्रणात, शोधायचं ते हे: तो उशिरा किती वेळा पोचतो आणि उशीर झाला की काय करतो. कमरेत वाकून नाक बोटांच्या पुढे काढत असेल, तर रशर त्याचे हात खाली झटकून निघून जातो. आखूड हाताची खरी शिक्षा ही. पण ढुंगण खाली, पाठ सरळ, एक हात आधी आणि दुसरा मागाहून, असं जर डावामागून डाव दिसत असेल, तर त्याने आपल्या हाताचा हिशेब आधीच चुकता केलेला असतो.

२०२१ चा ड्राफ्टच घ्या. पेनेई सूअल, ३३ १/४ इंच, सातव्या क्रमांकावर लायन्सकडे. रशॉन स्लेटर, ३३ इंच, तेराव्यावर चार्जर्सकडे. ॲलेक्स लेदरवुड, ३४ इंचांहून लांब, सतराव्यावर रेडर्सकडे. सूअल पुढे राइट टॅकल म्हणून ऑल-प्रो झाला, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला, स्लेटर पहिल्याच हंगामात लेफ्ट टॅकल म्हणून प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्याला निवडला गेला आणि लेदरवुडला २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघाने सोडून दिलं. स्लेटर २०२० चा हंगाम खेळलाच नव्हता. त्याच्याबाबत सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला तो २०१९ मधला ओहायो स्टेटविरुद्धचा सामना, कारण समोर चेस यंग होता. त्याआधीही जो थॉमस होताच: हात ३३ इंचांच्या आत, २००७ मध्ये तिसरा, पहिल्या दहाही हंगामांत प्रो बोल आणि सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे एकही न चुकवता खेळलेले डाव. उलट २०१४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या ग्रेग रॉबिन्सनचे हात ३५ इंचांचे होते आणि रॅम्सनी तीन हंगामांनी त्याला देऊन टाकलं.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर ३३ च्या खाली सावध व्हायलाच हवं. पीटर स्कोरोन्स्कीचा हात ३२ १/४ भरला आणि टायटन्सनी त्याला गार्ड केलं, यात वेडेपणा काही नव्हता. पण ३४ ला रेघ मारून खालचे सगळे बाद करणं, हा आळस आहे.

शून्य सॅकचा आकडा मात्र यादीतला सर्वांत फसवा. सॅक होते की नाही, हे टॅकलइतकंच क्वार्टरबॅकवर ठरतं. चेंडू दोन सेकंदांत सुटत असेल तर हरलेली लढतही नोंदीत स्वच्छ दिसते. पळण्यात तरबेज क्वार्टरबॅक तर आणखी झाकून नेतो. त्यात कॉलेजचे डाव वेगळे. आरपीओमध्ये, म्हणजे धाव की पास हे ऐनवेळी ठरणाऱ्या डावात, लाइन धावेसाठी ब्लॉक करते आणि क्वार्टरबॅक ऐनवेळी चेंडू फेकतो. कॉलेजच्या नियमांत पास सुटण्याआधी लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. म्हणजे कागदावर पासचा डाव, पण टॅकलने त्यात पासचं संरक्षण केलेलंच नसतं. त्याच्या नावावर शून्य सॅक जमा होतात ते फुकट.

म्हणून टेप चाळून घ्यावी लागते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्याचा इथे उपयोग कमी. एंड झोनमागून घेतलेलं चित्रण हवं, त्यात पायांमधलं अंतर आणि हात कुठे बसला हे दिसतं. एका सामन्यातले सगळे पासचे डाव काढा. त्यातून आरपीओ, स्क्रीन (जवळच दिलेला आखूड पास), प्ले ॲक्शन (आधी धावेचं सोंग), क्वार्टरबॅक बाहेर पळणारे आणि झटपट फेकीचे डाव वगळा. रनिंग बॅक किंवा टाइट एंड या आपल्याच साथीदाराने जाता जाता रशरला धक्का दिला तेही वगळा. चाळीस डावांतून कधी कधी डझनभरच उरतात. असे तीन-चार सामने, समोर चांगला रशर असलेले, आणि त्यातही तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) सात किंवा जास्त यार्ड हवे असतानाचे डाव आधी. पास येणार हे तेव्हा सगळ्या मैदानाला ठाऊक असतं.

उरलेल्या प्रत्येक डावाला हार-जीत एवढंच लिहू नका. हरला तर कसा, ते लिहा. बाहेरून हरला, म्हणजे पाय मंद किंवा पहिलं पाऊल उथळ. आतून हरला, म्हणजे बाहेरच्या भीतीने जास्त सरकला आणि आतला दरवाजा उघडा टाकला. छातीवर धडक घेऊन मागे ढकलला गेला, म्हणजे कंबर उंच राहिली किंवा घोटे आणि कुल्हे वाकत नाहीत. दोन रशर एकमेकांच्या जागा बदलताना गोंधळला, म्हणजे नजर एकाच माणसावर खिळली. सगळ्यांचं वजन सारखं नाही. हाताची जागा आणि सरकण्याचा कोन शिकवता येतो; ताठ कुल्हे फारसे शिकत नाहीत. आणि ‘आमचे कोच घडवतील’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारापासून हंगामात पॅड घालून सराव फक्त १४ वेळा करता येतो. धडक घेणं पॅडशिवाय शिकवणार कसं?

बेंच प्रेस आणि धावेला फार वेळ द्यायची गरज नाही. २२५ पौंड, म्हणजे सुमारे १०२ किलो, किती वेळा उचलले ते मोजतात. लांब हाताला बार जास्त अंतर ढकलावा लागतो. म्हणजे ही यादी एका हाताने लांब हात मागते आणि दुसऱ्या हाताने लांब हाताला मार्क कापते! धडक थोपवणारी ताकद मुख्यतः कुल्हे, मांड्या आणि घोट्यांतून येते: मागे दोन छोट्या उड्या, कंबर खाली, पाय पुन्हा रोवलेले. ४० यार्ड सरळ धावायची वेळ लाइनमनवर क्वचितच येते. पहिल्या दहा यार्डांची वेळ आणि दिशा बदलण्याच्या चाचण्या त्यापेक्षा कामाच्या. ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरने २०१८ मध्ये १४ वेळा वजन उचललं आणि ५.८५ सेकंदांत धाव पुरी केली. तो ८३ व्या क्रमांकापर्यंत घसरला आणि पुढे टॅकल म्हणूनच चार प्रो बोलला गेला.

राहिला ‘नाहीतर गार्ड’. झॅक मार्टिनचं उदाहरण सगळे देतात, आणि ते खरंच आहे: नोत्र देमचा लेफ्ट टॅकल, २०१४ मध्ये सोळावा, काउबॉइजकडे गार्ड म्हणून सात वेळा पहिल्या संघाचा ऑल-प्रो. पण लेदरवुडलाही पहिल्याच हंगामात गार्डला हलवलं होतं, आणि तिथेही तो तरला नाही. गार्डला जागा कमी राखावी लागते, हे खरं. पण वेळही कमी मिळतो. टॅकलला रशर येताना दिसतो, गार्डच्या अंगावर ३०० पौंडांचा माणूस पहिल्याच पावलाला असतो. पायांच्या मंदपणामुळे टॅकल म्हणून हरणारा माणूस आत तरू शकतो. धडकेने हरणाऱ्याला आत नेलं तर त्याची दुखरी जागा रोज दाबली जाणार. शिवाय डावीकडून उजवीकडे गेला की मागचा पाय पुढचा होतो आणि वर्षानुवर्षांची सवय उलटी फिरवावी लागते.

टॅकलला गार्ड म्हणून घ्यायचं असेल तर टेपवर तीन गोष्टी शोधा: धडकेचे डाव, शेजाऱ्याबरोबर मिळून एकाला ढकलून पुढच्या लाइनबॅकरवर (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूवर) निसटणं, आणि लाइन सोडून दुसऱ्या बाजूला पळत जाऊन हलत्या माणसाला गाठणं. कॉलेजच्या टेपवर हे सापडलं नाही, तर अलाबामातल्या मोबिल शहरात होणाऱ्या सीनियर बोलचा, म्हणजे ड्राफ्टआधीच्या कॉलेज खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याचा, सराव पाहा. तिथे टॅकलना बऱ्याचदा आत उभं करून पाहतात. एकास एक लढतीत मदत नसते आणि जागा भरपूर असते, त्यामुळे झुकतं माप बचावाच्या खेळाडूलाच. तेव्हा पहिल्या दिवशी तो पडला याला फार किंमत देऊ नका. ज्या हालचालीने पडला, तीच तिसऱ्या दिवशी समोर आल्यावर त्याने पाय कुठे ठेवला, ते टिपून घ्या.