काकांचं नाक आणि दोन फूट अंतर

काकांच्या पंचाहत्तरीचा फोटो मी काढला, ही पहिली चूक. तो 36 बाय 24 इंचांचा करून त्यांच्याच बैठकीत, दिवाणाच्या वर टांगला, ही दुसरी.

यावल तालुक्यातलं घर, बैठक 12 फुटांची, माणसं 23. मावेनात म्हणून 24 मिलिमीटरची, ऐसपैस दृश्य घेणारी लेन्स लावली आणि भिंतीला पाठ टेकवली. काका पुढे खुर्चीत, माझ्यापासून दोन हातांवर. फोटोत त्यांचं नाक भरताच्या वांग्याएवढं आलं आणि कडेची आत्या ऐसपैस पसरली. काका म्हणाले, "भो, हाई नाक मन्हं शे का?" आत्या काही बोलली नाही, जेवताना मला शेवभाजी वाढली ती बिनशेवेची.

मी लेन्सची बाजू घेतली. लेन्स बिचारी किती माणसं चौकटीत घ्यायची एवढंच ठरवते. नाक मोठं की कान, हे मी किती जवळ उभा होतो त्यावर. आता फोटो बघायचाही तसाच हिशेबाने. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी पट्टी, 36 बाय 24 मिलिमीटर, फोटो 36 बाय 24 इंच, म्हणजे मिलिमीटरचे इंच झाले, लेन्सचेही करा. 24 इंच! फोटोच्या मधोमध, दोन फुटांवर, एक डोळा मिटून उभं राहायचं. नाक ताळ्यावर येतं, आत्याही तिरकी दिसल्यामुळे बारीक होते.

मग काय, घरादाराची रांग लागली दिवाणावर चढायला. काकांना दोघा पुतण्यांनी धरून चढवलं. बराच वेळ डोळा मिटून म्हणाले, "नाक बरं शे. पन गुडघा गया."

भरपाई म्हणून केळीच्या बागेत दुसरा फोटो काढला, 200 मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून, पन्नासेक पावलं मागे सरून. सगळ्यांची नाकं माणसांत आली. आत्या खूश, पुढच्या वेळी शेव आली. फक्त सातपुडा थेट काकांच्या टोपीला चिकटला. तो मागे ढकलायचा, तर तेवढ्याच आकाराचा हा फोटो 200 इंचांवरून बघायला हवा. 16 फूट 8 इंच. बैठक 12 फुटांची!

तेव्हापासून काका संध्याकाळी ओट्याखाली खुर्ची टाकून, दार सताड उघडं ठेवून फोटो बघतात. मधूनच हाक येते, "भो, म्हैसले बाजूले कर!"